पाहुणे आल्याशिवाय झोपायचं नाही

माझ्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष मी एका नोटिशीनं धोक्यात आणलं, आणि त्या नोटिशीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. दुसरा मुद्दा मी मुद्दाम सांगतोय, कारण घरात त्याची कुणी दखल घेतली नाही.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा मी गेली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. (निवडून वगैरे नाही. सभेत मी पाणी प्यायला उठलो होतो. परत येईपर्यंत ठराव मंजूर झाला होता.) त्याआधी एकतीस वर्षं विमा कचेरीत परिपत्रकं काढली. त्यामुळे हाताला एक सवय लागली आहे. लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक जिन्यानं जातात. मी आधी नोटीस काढतो आणि मग जिन्यानं जातो.

माझी एकुलती एक मुलगी मुक्ता चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मार्च संपता संपता एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला सोसायटीच्या ऑफिसात बावीस उशा ठेवायच्यात."

ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिची किल्ली माझ्याकडे असते. म्हटलं, "उशा? कशाला?"

"माझा प्रोजेक्ट आहे. सार्वजनिक कलेचा. फ्लॅश मॉब करणार आहोत, निषेधाचा."

"म्हणजे नक्की काय गं?"

"हे बघ. आम्ही बावीस जण आपल्या गेटसमोर गर्दीत वेगवेगळे फिरत असणार. कुणी भाजी घेतंय, कुणी फोनवर बोलतंय. बरोब्बर सहा वाजता मी शिट्टी मारणार. सगळे पिशवीतून उशी-चादर काढणार आणि त्या खणलेल्या फुटपाथवर, खड्ड्यांच्या मधे, झोपणार. सात मिनिटं. मग उठून, चादरी घडी करून, काहीच झालं नाही असे निघून जाणार."

आमच्या गेटसमोरचा फुटपाथ आठ महिन्यांपासून खणून ठेवलेला होता. कुणी खणला ते कळत नव्हतं. फोनवाले म्हणायचे गॅसवाल्यांनी, गॅसवाले म्हणायचे पाणीवाल्यांनी. मी सोळा पत्रं लिहिली होती, त्यांची पोच माझ्याकडे आहे.

"चांगलंय," मी म्हटलं. "भाषण कोण करणार?"

"कुणीच नाही."

"निवेदन?"

"नाही."

"निदान घोषणा?"

"बाबा, झोपलेला माणूस घोषणा देतो का?"

"मग कार्यक्रम संपला हे लोकांना कळणार कसं? कुणीतरी आभार मानायला नकोत?"

मुक्तानं डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द सुटा करत तिनं मला समजावलं. परीक्षक सर स्वतः येणार होते. साध्या कपड्यांत, समोरच्या रसवंतीवर उसाचा रस पीत उभे राहून मार्क देणार होते. अट एकच. आजूबाजूच्या लोकांना आधी काही कळता कामा नये. ते दचकले पाहिजेत, थांबले पाहिजेत, एकमेकांना विचारलं पाहिजे. आधी कळलं तर प्रोजेक्ट बाद, आणि प्रोजेक्ट बाद म्हणजे वर्ष गेलं.

"गळ्याशपथ सांग, कुणाला सांगणार नाहीस."

"गळ्याशपथ."

आमची ही आतून पोळी लाटत म्हणाली, "अहो, तुम्ही काही करू नका. म्हणजे खरंच काही करू नका."

शेवटचे चार दिवस मुक्ता तालमीसाठी, ऑफिसातल्या उशा घेऊन, जोगेश्वरीला मैत्रिणीकडे राहायला गेली. त्यांतले दोन दिवस मी तोंड बंद ठेवलं. (हा माझा वैयक्तिक उच्चांक आहे.) तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू दिसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि संध्याकाळी सहाला खिडकीत बसायची सवय. मला घामच फुटला. खिडकीखाली बावीस तरुण मुलं एकदम आडवी झालेली त्यांनी पाहिली तर? जबाबदार कोण? सेक्रेटरी. म्हणून मी फक्त जोशीकाकूंसाठी नोटीस काढायचं ठरवलं. पण एकाच सभासदाला नोटीस काढणं नियमात बसत नाही. तेव्हा सर्वांना काढली:

"अत्यंत गोपनीय. सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ठीक सहा वाजता आपल्या गेटसमोरील फुटपाथवर काही मुले अचानक झोपणार आहेत. तरी कोणीही आश्चर्यचकित होऊ नये. सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. ही माहिती बाहेर कोणास सांगू नये. सेक्रेटरी."

'वेळेवर उपस्थित राहावे' हे वाक्य मी लिहिलं नाही. ते माझ्या हातानं आपोआप लिहिलं. बोर्डावर कुणी वाचत नाही म्हणून नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. मुक्ता त्या ग्रुपवर नव्हती. माझ्या नोटिशींना कंटाळूनच ती दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली होती.

अर्ध्या तासात चेअरमन परब दारात हजर. हे मूळचे मालवणकडचे. "सेक्रेटरी, ह्यां काय लिवलास? पावणो कोण आसा?"

"पाहुणा नाही हो. अचानक आहे ते."

"अचानक असला म्हणान काय झाला? नारळ नको? माईक नको? पोरां उन्हातान्हातसून येतली, तेंका चाय नको?"

खरं सांगतो, इथे मी 'नको' म्हणायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण चहाच्या मुद्द्यावर मी अडलो. बावीस मुलं आपल्या दारात येणार आणि तशीच जाणार, हे मला बघवेना. म्हटलं, चहा ठेवू. परब म्हणाले, चहा म्हणजे टेबल आलं. टेबल आलं म्हणजे खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या की मांडव लागतोच, आणि मांडव घातल्यावर पाहुण्यांशिवाय तो भुंडा दिसतो. दुपारी दोन वाजेपर्यंत परबांनी भाऊंना फोन केलेला होता.

भाऊ म्हणजे आमच्या विभागाचे भाऊ. (पक्ष सांगत नाही, कारण हे छापून होईपर्यंत बदललेला असेल.) फुटपाथबद्दलची माझी सोळाच्या सोळा पत्रं त्यांच्याच ऑफिसात गेली होती. थोडक्यात, ज्यांचा निषेध करायचा, तेच प्रमुख पाहुणे झाले. मी परबांना म्हटलं, "अहो, भाऊंना राग येईल." परबांनी मला भाऊंचं उत्तर ऐकवलं. भाऊ म्हणाले होते, "निषेध ना? जरूर येतो. किती वाजता ठेवलाय?"

रविवारी दुपारी खाली उतरलो तर काय! मांडव फुटपाथवरच घातलेला. खड्डे दिसू नयेत म्हणून भाऊंच्या कार्यकर्त्यांनी अख्ख्या फुटपाथवर हिरवा गालिचा अंथरलेला. खड्डे बुजवले नव्हते, फक्त झाकले होते. गेटवर वीस फुटी फ्लेक्स: 'अचानक होणाऱ्या झोप आंदोलनास हार्दिक शुभेच्छा'. त्यावर भाऊंचा मोठा फोटो, सतरा कार्यकर्त्यांचे छोटे फोटो आणि कोपऱ्यात माझा, आधार कार्डावरचा. महिला मंडळानं उशीच्या आकाराची रांगोळी काढली होती. जोशीकाकू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि अजिबात दचकणार नव्हत्या.

पावणेसहाला मुक्ता आणि तिची मंडळी आली. एकेकटी, वेगवेगळ्या दिशांनी, ठरल्याप्रमाणे गर्दीत मिसळायला. पण मिसळायला गर्दी कुठे होती? सगळे खुर्च्यांवर बसून त्यांचीच वाट बघत होते. मुलं दिसताच टाळ्या सुरू झाल्या.

मुक्ता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, हे काय आहे?"

"थोडी व्यवस्था केली."

"थोडी?"

"जोशीकाकूंसाठी गं."

पोरगी जिद्दीची. मनात म्हणाली असेल, होऊ दे, सहा वाजता झोपायचं म्हणजे झोपायचं. तिनं सहाला शिट्टी मारली. स्पीकरवर गाणी चालू असल्यामुळे ती पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नाही, पण मुलांचं घड्याळाकडे लक्ष होतं. त्यांनी पिशव्यांतून उशा काढल्या आणि परबांनी माईक ओढला.

"अरे पोरांनू, थांबा! पाहुणे आल्याशिवाय झोपायचं नाही."

मुलं थांबली. करणार काय? महिला मंडळानं त्यांच्या मोकळ्या हातात वेफर्सच्या बशा दिल्या. एका हातात उशी आणि एका हातात बशी अशी ती बावीस मुलं एक तास दहा मिनिटं रांगेत उभी होती. रसवंतीवर एक दाढीवाले गृहस्थ एकामागून एक रस पीत होते. पाचवा ग्लास मी स्वतः मोजला.

भाऊ सात वाजून दहा मिनिटांनी आले. शाल झाली, श्रीफळ झालं. मी पाहुण्यांचा परिचय करून दिला. (अकरा मिनिटं. आटोपशीर.) भाऊंच्या शुभहस्ते गालिच्यावर पहिली उशी ठेवून आंदोलनाचं उद्घाटन झालं. मग भाऊ बोलले, "या फुटपाथला जबाबदार कोण, हे मी शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही," आणि आडवे झाले. फोटोसाठी. भाऊ झोपले म्हटल्यावर कार्यकर्तेही झोपले. बघता बघता मांडवभर पांढरे झब्बे पसरले आणि मुलांना पाय ठेवायला जागा उरली नाही.

तेव्हा मी मुक्ताकडे पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती. हातातली उशी मी ओळखली. हत्तीचं चित्र असलेली, तिच्या लहानपणची. एवढ्या मोठ्या पोरीनं ती छातीशी धरली होती आणि रडायचं नाही म्हणून वर मांडवाच्या कापडाकडे बघत होती. वाटलं, मेल्या, तुला गळ्याशपथ घ्यायला सांगितली होती आणि तू पोरीचं वर्ष घालवलंस.

आता हे सावरायचं कसं? माझ्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती. आभारप्रदर्शन. मी विचार केला, परीक्षकांचा मान राखला तर माणूस जरा मऊ होईल. मी माईक घेतला आणि म्हणालो, "शेवटी, ज्यांच्या हातात या मुलांचं भवितव्य आहे, ते परीक्षक सर आज आपल्यात गुप्तपणे उपस्थित आहेत. ते समोर रसवंतीवर, दाढीवाले, चौकड्यांच्या शर्टात. सरांनी कृपया पुढे येऊन नारळ स्वीकारावा."

सरांनी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी दाढीवाला आहे का म्हणून. नव्हता. दोन कार्यकर्ते त्यांना हाताला धरून घेऊन आले. सर संकोचानं गालिच्यावरून चालत आले. चौथ्या पावलाला गालिचा खाली गेला आणि त्याच्याबरोबर सरही, मांडीपर्यंत. इतक्या सावकाश गेले की मला वाटलं, वाकून नमस्कार करताहेत. मी परत नमस्कार केला.

त्यांना वर काढलं तेव्हा एक चप्पल खड्ड्यातच राहिली होती आणि घोटा सुजला होता. मुक्तानं धावत येऊन हत्तीची उशी त्यांच्या पायाखाली ठेवली. त्या संध्याकाळी त्या उशीचा तेवढाच उपयोग झाला.

घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली, "बाबा, मी तुला फक्त किल्ली मागितली होती." आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमच्या हिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि दिवा घालवला. ते जास्त लागलं.

सर देवमाणूस निघाले. प्रोजेक्ट बाद केला, पण मुक्ताला आणखी एक संधी दिली. महिन्याच्या आत, नवा विषय, नवी जागा. आणि वडिलांना कळता कामा नये, असं म्हणे त्यांनी लेखी घेतलं.

त्यानंतर अठरा दिवस मुक्ता माझ्याशी बोलली नाही. काही हवं असेल तर फ्रिजवर नोटीस लावायची. 'कळविण्यात येते की, दूध संपले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' शुद्धलेखन निर्दोष असायचं. मी त्या नोटिशी वाचायचो, दूध आणायचो आणि बाल्कनीत जाऊन बसायचो. जेवणात लक्ष लागेना. जाधवांच्या पाइप गळतीची तक्रार आली, तरी मी नोटीस काढली नाही. ही बिचारी घाबरून माझा ताप बघायला लागली.

एकोणिसाव्या दिवशी, एक मेच्या आदल्या संध्याकाळी, मुक्ता आपणहून बाल्कनीत आली. दरवर्षी एक मेला सकाळी आमच्या पार्किंगमध्ये झेंडावंदन होतं आणि त्यानंतर माझं भाषण.

"बाबा, उद्या बोलणार आहेस ना?"

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "नाही बोललो तरी चालेल गं. परब बोलतील."

"नाही, तूच बोल. किती वेळ?"

"पाऊण तास. पण कमी करतो."

"कमी करू नकोस. सगळं बोल. आणि मधे थांबायचं नाही हं."

ती गेल्यावर मी डोळे पुसले. पोरीनं माफ केलं होतं. त्या आनंदात मी भाषणाला चार पानं जोडली.

सकाळी पार्किंग भरून गेलं होतं. इतक्या वर्षांत प्रथमच तरुण मुलं दिसली, सभासदांमध्ये विखुरलेली, एकेक दोनदोन. मनात म्हटलं, भाडेकरूंची असतील, पण नव्या पिढीला सोसायटीच्या कामात रस वाटायला लागला हे बरं झालं. शेवटच्या रांगेत पायाला बँडेज बांधलेले एक दाढीवाले गृहस्थ होते. चष्मा वाचायचा लावलेला असल्यामुळे मी काही त्यांना ओळखलं नाही, मुलांनाही नाही. मी प्रास्ताविकापासून सुरुवात केली, पाण्याच्या टाकीचा इतिहास घेतला, सभासदांच्या कर्तव्यांवर आलो. बावन्न मिनिटं बोललो. मधे कुणी खोकलं नाही, कुणी उठून गेलं नाही. इतकी शांतता मला आयुष्यात लाभली नव्हती. 'जय महाराष्ट्र' म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. काही मुलं तर उभी राहिली.

चार दिवसांनी मुक्ता उड्या मारत घरात आली. पास! पहिला वर्ग! तिनं येऊन मला मिठीच मारली. मी म्हटलं, "अगं, पण प्रोजेक्ट केलास कधी? कुठे?"

तिनं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: स्थळ, सोसायटीचं पार्किंग. कृती, भाषण सुरू होताच बावीस जणांनी खुर्चीत झोपणं. अवधी, वक्त्याच्या लक्षात येईपर्यंत. निषेध कशाचा, या रकान्यात एकच शब्द होता: 'बाबा'.

"सात मिनिटांत तुझ्या लक्षात येईल असं धरलं होतं आम्ही," मुक्ता म्हणाली. "बावन्न मिनिटं झोपावं लागलं रे. दोघांची मान धरली."

मी तो कागद दोनदा वाचला. राग यायला हवा होता, पण पोरगी अठरा दिवसांनंतर गळ्यात पडली होती आणि तिचं वर्ष वाचलं होतं. खाली सरांचा शेरा होता: 'परिणामकारक. वक्त्याचा अभिनय अत्यंत नैसर्गिक. शेवटी माझाही डोळा लागला. एक शंका: विद्यार्थी बावीस, परंतु झोपलेले त्रेसष्ट मोजले. बाकीचे कोण?'

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं तेच. म्हटलं सर, ते सभासद आहेत. ते दरवर्षी झोपतात."

मी स्वयंपाकघराकडे वळलो. त्या दिवशी ही दुसऱ्या रांगेत बसली होती आणि आता आठवलं तर तिची मान खाली होती. मी म्हटलं, "म्हणजे तूही पोरीला सामील होतीस? निदान मला एका शब्दानं सांगायचंस की झोपण्याचा प्रोजेक्ट आहे म्हणून."

हिनं कढईतला झारा थांबवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कसला प्रोजेक्ट?"